श्री. की कै.

उद्धवनं बेल दाबली आणि बोट उचललंच नाही.

“अरे, आत म्हातारं माणूस आहे,” भार्गवीनं त्याचं मनगट धरून हात खाली ओढला. “दारापर्यंत यायला वेळ लागणारच.”

“वेळेचं काय घेऊन बसलीस. इतकी वर्षं वेळच तर होता त्यांच्याकडे.”

“आवाज चढवायचा नाही, असं एलआरटीत ठरलंय आपलं.”

सिंगापूरच्या त्या छोट्या रेल्वेनं बुकित पंजांगपासून चोआ चू कांगपर्यंत येताना उद्धवनं मान डोलावली होती खरी, पण ती बायकोनं गप्प बसावं म्हणून. बोलायचं काय ते त्याच्या मनात कधीचं तयार होतं. पहिलं वाक्य इंग्रजीत कसं म्हणायचं तेवढंच तो अजून घोळवत होता.

दार उघडलं, पण बाहेरची लोखंडी जाळी तशीच राहिली. जाळीपलीकडे एक ठेंगणी म्हातारी चार पायांच्या काठीवर भार देऊन उभी होती. रंग उद्धवच्या आत्यांसारखा सावळा, डोळे मात्र चिनी. तिनं त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“अंबरका?”

“आंबेरकर,” उद्धव म्हणाला. “शेवटी ‘र’ आहे.”

“इथल्या कारकुनाला ऐकू आला नसेल.” तिनं कुलपात किल्ली फिरवली. “ये. चपला बाहेर.”

ती इंग्रजी बोलत होती, इथलं तुटक, मध्येच मलय शब्द घुसलेलं, वाक्याच्या शेवटी ‘लाह’ लावलेलं. आवाजात स्वागत नव्हतं. तेही बरंच झालं, असं उद्धवला वाटलं. गोड बोलणाऱ्या माणसाशी भांडणं अवघड जातं.

मागच्या महिन्यात भार्गवी मुलीची, श्रियाची, पुस्तकं बदलायला लायब्ररीत गेली, तेव्हा हे सुरू झालं. तिथं जिन्याजवळ या भागातल्या जुन्या माणसांचं एक छोटं प्रदर्शन मांडलं होतं. त्यात एक फोटो होता. हाफ पँट, पोटऱ्यांवर गुंडाळलेल्या पट्ट्या, खांद्याला बंदूक, आणि तिच्यामागे कान जरा पुढे आलेला एक सडसडीत तरुण. खाली लिहिलं होतं की भिकाजी अंबरका मुंबई इलाख्यातून इथं आले, बंदरावरच्या गोदामात नोकरी केली, दिवसभर हिशेब लिहून संध्याकाळी स्वयंसेवकांच्या पलटणीत कवायत केली, आणि युद्ध दाराशी आलं तेव्हा बंदूक घेऊन मोर्च्यावर उभे राहिले. शेवटची ओळ होती: ‘कुटुंबवत्सल गृहस्थ. मागे एकुलती एक मुलगी, नंदा.’

भार्गवीनं फोनवर पाठवलेला तो फोटो उद्धवनं वन-नॉर्थच्या ऑफिसात, मीटिंग चालू असताना उघडला. मग तो मीटिंगमधून उठला आणि जिन्यात उभा राहून शेवटची ओळ बोटांनी मोठी करकरून वाचत राहिला. एकुलती एक.

त्याचे आजोबा, ज्यांना सगळं घर आबा म्हणायचं, वर्षाचे होते तेव्हा भिकाजीनं आंबेरीचं घर सोडलं. पहिली काही वर्षं पत्रं आली. मग मालवणचा एक खलाशी बातमी घेऊन आला, की भिकाजीनं तिकडे एक चिनी बाई ठेवलीये आणि साहेबाच्या पलटणीत बंदूक घेऊन मिरवतोय. मग युद्ध झालं. लोकांचे मुलगे-भाऊ ब्रह्मदेशातून चालत परत आले, युद्ध संपलं, पण भिकाजीची वार्तासुद्धा आली नाही. आबा गावात ‘सिंगापूरवाल्याचो झील’, सिंगापूरवाल्याचा मुलगा, म्हणूनच वाढले. पोरं हसत हसत म्हणायची, मोठी माणसं न हसता.

आबांचं लग्न ठरलं तेव्हा पत्रिकेवरून घरात भांडण पेटलं. वरपित्याच्या नावाआधी काय छापायचं? चुलते म्हणाले, “कै. घाल, इतकी वर्षं माणसाचा पत्ता नाही.” आबांची आई, भागीरथी, आयुष्यात पहिल्यांदा चुलत्यांसमोर मोठ्यानं बोलली, “श्री. घाला. मी कुंकू पुसलेलं नाही.” छापखानेवाला दोनदा परत गेला. शेवटी नुसतं ‘भिकाजी’ छापलं, आधी काहीच नाही, एखाद्या गड्याचं छापावं तसं. आणि भागीरथी गेली तेव्हा हिरवं लुगडं नेसवायचं की पांढरं, म्हणजे ही सवाष्ण गेली की विधवा, यावरून बायकांची अंगणात जुंपली. दुपार कलली तरी ती तशीच पडून होती. आबा बाहेर आले, एकच म्हणाले, “हिरवाच नेसवा,” आणि पुन्हा माजघरात जाऊन बसले.

उद्धवला सिंगापूरची नोकरी लागली तेव्हा सगळ्यांनी पेढे खाल्ले. आबांनी हातातला पेढा तसाच खाली ठेवला. “थंय गेलेलो माणूस परत येणा नाय,” ते म्हणाले. गेल्या वर्षी ते गेले. नव्वदी ओलांडलेला तो माणूस शेवटपर्यंत ‘वडिलांचं नाव’ या रकान्यावर पेन टेकवताना क्षणभर थांबायचा.

एवढं सगळं घेऊन उद्धव आता या म्हातारीच्या, त्या पाटीवरच्या नंदाच्या समोर, प्लास्टिकचं कव्हर न काढलेल्या सोफ्यावर बसला होता.

“लायब्ररीतल्या मुलीनं निरोप दिला,” म्हातारी समोरच्या खुर्चीत टेकली. “तुला त्या पाटीवरचं काहीतरी बदलून हवंय म्हणे.”

“एक ओळ. त्यांना एकुलती एक मुलगी नव्हती. त्यांना एक मुलगाही होता. तुमच्या आधीचा. लग्नाच्या बायकोपासून झालेला.”

“ठाऊक आहे मला.”

उद्धवनं भार्गवीकडे पाहिलं, मग पुन्हा म्हातारीकडे. “ठाऊक होतं? तरी तुम्ही ‘एकुलती एक’ असं सांगितलंत?”

“हो. मुद्दाम सांगितलं.”

“मुद्दाम?” तो उठून उभाच राहिला. “माझे आजोबा त्या माणसाचं नाव आयुष्यभर लावत राहिले. त्यांच्या आईनं त्याच्या नावानं कुंकू लावलं, लोकांचं ऐकून घेतलं, दुसऱ्यांच्या शेतात राबून मुलगा वाढवला. आणि तुम्ही इथं त्याला भिंतीवर टांगता, कुटुंबवत्सल म्हणता, आणि मुलगा होता हे माहीत असून गाळून टाकता?”

“उद्धव,” भार्गवी म्हणाली.

“नाही, बोलू दे मला! कुटुंबवत्सल!”

“तो शब्द माझा नाही. त्या मुलीनं घातलाय, तिला सगळेच तसे वाटतात,” म्हातारी म्हणाली. मग तिनं काठी फरशीवर अशी आपटली की आतल्या खोलीत काहीतरी किणकिणलं. “आणि बस खाली! माझ्या घरात उभं राहून ओरडायचं नाही. ओरडायला मी तुझी वाट बघत होते. तुझ्या बापाची, तुझ्या आजोबाची, तुमच्यातल्या कुणाचीही. कुणीतरी येईल एक दिवस, आणि मी त्याला सगळं ऐकवीन. आई गेली तेव्हाच ठरवलं होतं मी.”

उद्धव बसला. बसल्यावर सोफ्याचं प्लास्टिक करकरलं.

“कवायतीच्या दिवशी त्याची खाकी चड्डी कोण कडक करायचं? माझी आई. भाताच्या पेजेची खळ करून. तिला त्याचा अभिमान वाटायचा, मूर्ख बाई. शेजारणींना बोलावून दाखवायची. मग जपानी आले. हे लोक टेकडीवर लढले, आणि सगळं संपायच्या आदल्या दिवशी साहेबानं सांगितलं, तुम्ही इथलेच आहात, वर्दी फेका आणि आपापल्या घरी जा. तो आला तो कुणाचं तरी सारोंग नेसून, अनवाणी. पलटणीतली माणसं जपानी शोधून काढत होते. सापडली की परत येत नव्हती. वर्दी आईनं मागच्या दारी पुरली. बक्कल तेवढं तांदळात लपवलं, तेच त्या प्रदर्शनातल्या काचेच्या पेटीत ठेवलंय आता. आणि याला सगळा जपानी अंमल, अख्खा, तिनं सांभाळला. माझा नवरा बहिरा आहे, मुका आहे, डोक्यानं अर्धा आहे, असं सगळ्या गल्लीला पटवलं. तो दिवसभर तोंड उघडे ना. ती टॅपिओकाच्या गोड वड्या, कुए, वाफवून रस्त्यावर विकायची आणि सैनिक दिसला की मान इतकी खाली घालायची, की पुढे तिला ती सरळच करता आली नाही. मला आठवते ती तशीच, वाकलेली.”

ती थांबली. श्वास घेतला.

“तो फक्त रात्री बोलायचा. माझ्या कानात. त्याच्या भाषेत. जेवलंस गो? रडू नको गो.”

भार्गवीनं चटकन वर पाहिलं. ते मालवणी शब्द त्या चिनी डोळ्यांच्या चेहऱ्यातून इतके सरळ आले होते, की उद्धवच्या मानेवर काटा आला. त्याला तो काटा नको होता. तो अजून रागावलेलाच होता आणि त्याला तसंच राहायचं होतं.

“मग तुमच्याकडे तरी होता तो,” तो म्हणाला. “कानात बोलायला. आमच्या आबांच्या वाट्याला तेवढंही आलं नाही.”

“माझ्याकडे?” म्हातारी पुढे झुकली. “आता मी विचारते, आणि तू नीट सांग. इतकी वर्षं मला एवढंच जाणून घ्यायचं होतं. कसा मेला तो? अंथरुणाला खिळून? लवकर सुटला की हाल झाले? मला सांग, की हाल झाले.”

उद्धवला प्रश्न कळला नाही. “मला काय विचारता? ते तुम्हाला माहीत असायला हवं.”

“मला कसं असणार? तुमच्याकडे मेला तो.”

“आमच्याकडे?”

“युद्ध संपलं आणि पहिल्या बोटींपैकी एकीत चढला. मद्रासची बोट. तिथून गाडीनं गावी जाणार होता. म्हणाला, तिथं बायको आहे, मुलगा आहे, त्यांचं काय झालं ते बघून येतो. आई एक शब्द बोलली नाही. जिवंत ठेवला तो दुसरीसाठी, असं शेजारणी म्हणाल्या, तरी बोलली नाही. मी धक्क्यावर होते. सहा वर्षांची. मी बघितलंय त्याला चढताना.” तिचा आवाज चढत चढत फाटला. “आणि तुम्ही ठेवून घेतलात! एक चिठ्ठी नाही. आई म्हणायची, घरी गेलेल्या माणसाला पत्रं लिहून बोलावत नसतात. लिहू दिलं नाही तिनं मला कधी. तुम्ही तिकडे बाप घेऊन बसलात, शेतं, नातवंडं, आणि इथं...”

“ते आलेच नाहीत,” उद्धव म्हणाला.

खालच्या मैदानात मुलं फुटबॉल खेळत होती. चेंडू जाळीवर आदळल्याचा आवाज वर आला.

“काय म्हणालास?”

“ते आले नाहीत. कधीच. आबा पंधरा वर्षांचे असतील तेव्हा. त्यांना आठवलं असतं. सगळ्या गावाला आठवलं असतं. आम्ही समजत होतो, ते इथंच आहेत. तुमच्याकडे. इथंच म्हातारे होऊन मेले.”

म्हातारी त्याच्याकडे बघत राहिली. तो खोटं बोलतोय का, हे ती तपासत होती. त्याच्या चेहऱ्यावरून तिची नजर भार्गवीच्या चेहऱ्यावर गेली. भार्गवीनं नुसती मान हलवली.

“बोट पोचली,” म्हातारी हळू म्हणाली. “ती बोट मद्रासला पोचली होती. आईनं धक्क्यावर जाऊन विचारलं होतं.”

“मग मद्रासला उतरले असतील.”

“आणि?”

“माहीत नाही.”

“आजारी पडला असेल. तेव्हा देवी होत्या, कॉलरा होता.”

“असेल.”

“किंवा तिसरी भेटली असेल.”

“तेही असेल.”

उद्धवनं घरून निघताना मनात जुळवलेली निम्मी वाक्यं अजून तिथंच होती, आणि ती म्हणायची कुणाला हे आता त्याला समजेना. समोरच्या बाईचा राग तर त्याच्याहून जुना होता. ती रडेल असं त्याला वाटलं, पण तिनं एक मलय शिवी हासडली, लांबलचक, आणि पदर नसताना पदर खोचावा तसा ब्लाउजचा काठ खाली ओढला.

“आईला मी सांगत आले,” ती म्हणाली. “मरेपर्यंत सांगत आले, ती तिकडची बाई वाईट, तिनं अडकवून ठेवलाय त्याला. दर वर्षी शिव्या दिल्या मी तिला.”

“आमच्याकडे तुमच्या आईला देत होते.”

भार्गवी इतका वेळ हातातल्या पर्सचा पट्टा पिळत होती. ती इंग्रजीत, दोघांनाही कळेल असं म्हणाली, “म्हणजे त्यांचं श्राद्ध, तर्पण, कुणीच काही केलं नाही? इथल्या लोकांना वाटलं तिकडे होत असेल, तिकडच्यांना तर माणूस आहे की गेला हेच ठाऊक नव्हतं. उद्धव, पुढच्या आठवड्यात पितृपंधरवडा लागतोय. आजी, तुमच्याकडेही हा पितरांचाच महिना ना? आपण मिळून काहीतरी करू या. नुसतं पाणी तरी...”

“नाही,” उद्धव म्हणाला.

“नाही,” म्हातारी म्हणाली.

दोघांच्या तोंडून ते इतकं एकदम निघालं, की भार्गवी दचकली. म्हातारीनं उद्धवकडे पाहिलं. मग हात लांब करून तिनं टेबलावरचा पंखा, जो तिच्याकडे तोंड करून फिरत होता, त्याच्या बाजूला वळवला.

“त्याला पाणी कशाला?” ती म्हणाली. “तहान लागली असती तर दोन घरं होती त्याला.”

तिनं कॉफी केली. भार्गवी मदतीला गेली तर तिला ओट्यापासून हाकलून लावलं. कॉफी घट्ट होती, डब्यातलं गोड दूध घातलेली. कॉफी पिताना तिनं आबांबद्दल विचारलं. उंच होते का. कान पुढे आलेले होते का. उद्धवनं फोनमधला आबांचा फोटो दाखवला, अंगणात सुपारी सोलतानाचा. तिनं तो बराच वेळ डोळ्यांशी धरला. “भाऊ,” ती एकदा म्हणाली, इंग्रजीत, शब्द बसतो का ते बघावं तशी. मग फोन परत दिला आणि म्हणाली, “चिडका दिसतो.”

“होतेच.”

“बरं केलं.” तिनं कप खाली ठेवला. “तिचं नाव काय? त्या बायकोचं?”

“भागीरथी.”

तिनं ते दोनदा म्हणून पाहिलं. दुसऱ्यांदा जवळजवळ बरोबर आलं. “मी उद्या त्या मुलीला फोन करते. म्हणते, लिही. तिकडे बायको भागीरथी, मुलगा एक. इकडे बायको लान, मुलगी एक. आणि पुढे लिही, तो कुठं गेला ते दोघींनाही कळलं नाही.”

“आणि कुटुंबवत्सल?”

“ते मी स्वतः जाऊन खरवडते, लाह.”

निघताना ही दोघं नको नको म्हणत असतानाही म्हातारी लिफ्टपर्यंत आली. काठी टेकत, कॉरिडॉरच्या कठड्याला हात लावत. लिफ्ट खालून यायला वेळ होता. भार्गवीनं वाकून नमस्कार केला तर म्हातारीला काय करावं कळलं नाही; तिनं भार्गवीचं डोकं घाईनं थोपटलं.

“एक विचारायचंय,” ती उद्धवला म्हणाली, वर चढणाऱ्या आकड्यांकडे बघत. “धक्क्यावर त्यानं मला कडेवरून खाली ठेवलं आणि एक शब्द बोलला. पुढे मी इथल्या तमिळ लोकांना विचारला, गुजरात्यांना विचारला. कुणाला सांगता आला नाही. म्हणून ठेवून दिला तसाच.” ती थांबली. “येतंय.”

आंबेरीच्या अंगणात, पायरी उतरता उतरता मागे वळून म्हणतात, अगदी तसा तो शब्द आला.

“त्याचा अर्थ, मी येतो,” उद्धव म्हणाला. “परत येतो. आमच्याकडे निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत. तसंच म्हणतात.”

“सगळे?”

“सगळेच.”

“न येणारेसुद्धा?”

उद्धवनं लिफ्टचं बटण पुन्हा दाबलं. आंबेरीची पायरी उतरतानाही भिकाजी हेच म्हणाला असणार, वर्षाच्या मुलाला भागीरथीच्या हातात देऊन. दुसरं काही म्हणायची रीतच नव्हती.

“म्हणजे थाप मारली तीही मला न कळणाऱ्या भाषेत,” म्हातारी म्हणाली. “आणि मी मूर्ख, जन्मभर तोंडात धरून बसले.”

लिफ्ट आली. भार्गवी आत गेली, उद्धव तिच्या मागे. वळून म्हातारीकडे पाहताना तोच शब्द सवयीनं त्याच्या ओठांवर आला. त्यानं तो गिळला. दार मिटू लागलं तसा त्यानं हात आडवा घातला.

“रविवारी,” तो म्हणाला. “सकाळी अकराला. मुलीला घेऊन.”

“अकरा म्हणजे अकरा.” म्हातारीचा आवाज अजून तसाच होता, खरखरीत, रागावलेला. “मी भात गार झालेला खात नाही.”